योतुनहाइमच्या तीन संध्याकाळी

नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या, पुराणकथांमधील योतुनहाइम, म्हणजे देवांच्या प्रतिस्पर्धी योतुन कुळाचा देश, या विषयावर दादरच्या एका वाचनालयात तीन संध्याकाळींचा व्याख्यानवर्ग झाला. शुल्क ६०० रुपये होते आणि पहिल्या दोन दिवसांतच ते वसूल झाले, असे मी निःशंकपणे म्हणेन.

'योतुन' म्हणजे राक्षस, हे सवयीचे समीकरण व्याख्यात्या बाईंनी सुरुवातीलाच बाजूला ठेवायला लावले. देवांची भूमी आणि योतुनांची भूमी यांच्यामधून इफिंग नदी वाहते. ती कधीच गोठत नाही, त्यामुळे बर्फावरून पलीकडे जाता येत नाही. तरीही दोन्ही कुळांत सोयरीक आहेच: खुद्द देवांचा प्रमुख ओडिन याची आई बेस्त्ला योतुनकुळातली आणि फ्रेयर या देवाची पत्नी गेर्दही तिकडचीच. दिती-अदितीच्या मुलांचे वैर ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना ही भाऊबंदकी चटकन उमगली. बाईंनी हे साम्य एकदाच सांगितले, ताणले नाही, हे मला विशेष आवडले.

दुसरी संध्याकाळ उत्गार्ड या योतुनांच्या गढीची होती, जिथे मेघगर्जनेचा देव थोर सोबत्यांसह पाहुणा म्हणून जातो. त्याचा कपटी साथीदार लोकी खाण्याच्या पैजेत हरतो, सेवक थ्यालफी धावण्यात हरतो, खुद्द थोर याला तीन दमांत पेयाचे शिंग रिकामे करता येत नाही, मांजराचा एकच पंजा उचलता येतो आणि एक म्हातारी त्याला गुडघ्यावर आणते. आइसलँडच्या स्नोरी स्टर्लसनने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या 'एड्डा' या पुराणकथांच्या ग्रंथामध्ये हे रहस्य पाहुणे गढीबाहेर पडेपर्यंत उलगडत नाही, आणि बाईंनीही ते तसेच राखले: प्रतिस्पर्धी होते आग आणि विचार, मांजर म्हणजे पृथ्वीला वेढणारा सर्प, म्हातारी म्हणजे वार्धक्य, आणि शिंगाचे टोक समुद्रात बुडालेले, ज्यातून थोरने इतके पाणी ओढले की जगात ओहोटी सुरू झाली. त्या रात्री मी मुद्दाम चौपाटीवरून घरी गेलो.

तिसरा दिवस उतरता वाटला. मीमिरची ज्ञानाची विहीर, जिच्या एका घोटासाठी ओडिनने डोळा दिला, दहा मिनिटांत आटोपली. वाटलेल्या नकाशात नॉर्वेतील योतुनहाइमेन पर्वतरांग हीच पुराणातली भूमी असल्यासारखी दाखवली होती. वास्तविक ते नाव कवी विन्ये यांनी १८६२ मध्ये रूढ केले. पुढच्या खेपेस ही चूक दुरुस्त व्हावी.

पंख्यांच्या आवाजात मागे नीट ऐकू येत नाही. पुढच्या रांगेत जागा मिळेल इतक्या लवकर पोहोचावे.