चालूच न होणारा जुना कॉम्प्युटर: घरी उघडावा, मेकॅनिककडे न्यावा की दुसरा घ्यावा?

“पंखा फिरस, पन काहीच दिखत नही.” चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत दुरुस्तीच्या दुकानांत अशी तक्रार घेऊन माणूस येतो, आणि बहुतेक वेळा त्याचा लगेच पुढचा प्रश्न असतो: टाकून देऊ का? माझं मत स्पष्ट आहे. मशीन किती वर्षांचं आहे यावरून हे ठरवू नका, ते सुरू होताना नेमकं कुठे थांबतं त्यावरून ठरवा. दहा वर्षांचं मशीन एका सेलवाचून अडलेलं असू शकतं आणि चार वर्षांच्या मशीनचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, जळालेला असू शकतो.

बटण दाबल्यावर लाइट नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर आधी घरीच बघा. एक्स्टेंशन बोर्ड बदला, प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, कॅबिनेटच्या मागचं छोटं बटण चालू आहे का ते पाहा. मधला यूपीएस काढून टाका. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, त्या उष्णतेत यूपीएसची बॅटरी लवकर खलास होते आणि दोष कॉम्प्युटरला लागतो. मग केबल काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, केबल परत लावा आणि चालू करून पाहा.

एवढं करूनही मशीन मेलेलंच असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर. आपल्याकडे रात्री व्होल्टेज वर-खाली होतं, वळवाच्या पावसात वीज कडाडते, आणि त्याचा पहिला फटका यालाच बसतो. इथे मात्र मेकॅनिककडे जाणं मी चांगलं मानतो. एसएमपीएसचा डबा घरी कधीच उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. शिवाय मेकॅनिककडे दुसरा चालू एसएमपीएस असतो, तो लावून दोष कुठे आहे हे तो लगेच सांगतो. घरची आणि दुकानातली दुरुस्ती यांत खरा फरक हाच आहे. ज्ञान व्हिडिओ पाहून मिळेल, पण बदलून पाहायला सुटे भाग घरी नसतात. एसएमपीएस बदलणं हे स्वस्तातलं काम आहे, जुन्या मशीनवरही ते करून घ्यावं.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, असं असेल तर उलट. इथे घरचा हात जास्त चालतो. खान्देशात धूळ बारीक असते, आणि जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतूही कॅबिनेटमध्ये जातात. वीज पूर्ण बंद करा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, रॅमची (तात्पुरत्या मेमरीची) पट्टी काढा, सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने झटका आणि पट्टी ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. मॉनिटरची केबलही तपासा. हे करून सुरू झालेली मशीनं पुष्कळ आहेत. करून झालं नाही आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर मेकॅनिकला दाखवा, पण खर्च आधी विचारा.

कंपनीचा लोगो येतो, तारीख-वेळ चुकीची दाखवून एफ१ दाबायला सांगतो, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. सेवा केंद्रावर ही गोष्ट जास्त त्रास देते, कारण तारीख मागे गेली की सरकारी पोर्टल सुरक्षित नाही म्हणून उघडतच नाही. मशीन चालू होऊन पाच-दहा मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा साफ करा आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) नवी लावून घ्या.

लोगोनंतर गाडी अडते आणि आतून ‘टक टक’ असा आवाज येतो, तेव्हा घाई करू नका. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं की उरलेला डेटाही जातो. मशीन बंद ठेवा आणि आधी डेटा काढून द्या म्हणून मेकॅनिकला सांगा, दुरुस्तीचं नंतर. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणत कोणी ती डिस्क फॉरमॅट करू नये, हे बिलावर लिहून घ्या. डेटा हातात आल्यावर त्याच मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, लावली, तर जुनंही बऱ्यापैकी पळतं.

आता दुसरं घ्यायचं कधी? मदरबोर्ड जळाला असेल आणि रॅम डीडीआर२ या जुन्या प्रकारची असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. तसे बोर्ड वापरलेलेच मिळतात, आणि उद्या पुन्हा तीच पाळी. त्यानंतरची डीडीआर३ असेल तर माझा हिशेब असा: दुरुस्तीचा खर्च वापरलेल्या बऱ्या मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर करा, पुढे गेला तर सोडा. ऑनलाइन बँकिंग किंवा जीएसटीचं काम असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात वापरलेला डेस्कटॉप घेताना त्याच्या खालची पिढी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. भारनियमन जास्त असलेल्या गावात वापरलेला लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा सोयीचा, पण बॅटरी दुकानातच तासभर चालवून बघा.

याला एक मोठा अपवाद आहे. अडतीवरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पॅरलल पोर्टला (मागच्या जुन्या रुंद सॉकेटला) लागणारा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालवायची किल्ली, जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेले वर्षानुवर्षांचे मजकूर, असं काही त्या मशीनवर अवलंबून असेल, तर महाग पडली तरी दुरुस्ती करा. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो, आणि जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. अशा मशीनचं इंटरनेट काढून टाका आणि ते फक्त त्याच कामाला ठेवा. फाइल्सची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आजच करून ठेवा.

आणि नवं घेताना जुनं दुकानदाराला बदल्यात देणार असाल, तर हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. तीत आधारच्या प्रती असतात, बँकेचे कागद असतात, आणि ते दुकानदाराच्या हाती जाण्याचं काही कारण नाही.