पीकेयूची पावडर म्हणून दूध पावडर विकतायत, सांभाळा

ज्यांच्या घरात पीकेयू, एमएसयूडी असे प्रोटीन नीट न पचण्याचे जन्मजात आजार असलेलं मूल आहे त्यांनी हे वाचाच. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, माझ्या मुलीला पीकेयू आहे, म्हणजे प्रोटीनमधलं फिनाइलअॅलनिन तिच्या शरीरात मोडत नाही, रक्तात साठतं आणि मेंदूवर जातं. त्यामुळे मासे, डाळ, दूध बंद, भातसुद्धा मोजून, आणि वाढीपुरतं प्रोटीन मुख्यतः त्या खास पावडरमधूनच. आमच्याकडच्या फार्मसीत ती मिळत नाही, बाहेरून मागवतो. मध्ये स्टॉक लांबला तेव्हा एकाचा फोन आला, ताई ताई करत मुलीची रक्तातली फिनाइलअॅलनिनची लेव्हल किती, डायटिशियनने किती ग्रॅम सांगितलंय सगळं विचारलं, अगदी जाणकारासारखं. इम्पोर्टेड डबे निम्म्या भावात, पैसे आधी.

एक डबा आला, दिसायला हुबेहूब. आणि पोर ग्लास गटागटा प्यायला लागली, वर अजून मागायची. आजीला केवढा आनंद, एकदाची पितेय म्हणून. पण ज्यांनी पाजलीय त्यांना माहितीय, खऱ्या पावडरला अमिनो अॅसिडचा उग्र वास असतो, चव कडवट, आमच्याकडे रोज रडारड होते. मी बोटावर घेऊन चाखली तर सरळ गोड दूध पावडर!! जे तिला चालत नाही तेच तिच्या पोटात. लगेच बंद केली, रक्त तपासलं, लेव्हल २ ते ६ मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये ठेवायची असते ती १० च्या वर गेलेली. पैसे गेले त्याचं एवढं नाही हो, पण लहान मुलाच्या मेंदूशी असा खेळ करायला माणसाला धीर तरी कसा होतो. आता खरी पावडर मिळालीय, लेव्हल खाली येतेय.

डबा आला की आधी एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन नंबर बघा, बॅच नंबर कंपनीला फोन करून विचारा, आणि वास, चव जराही वेगळी वाटली तर मुलाला देऊ नका, डबा टाकूनही देऊ नका. आम्ही तो बांबोळीला एफडीएकडे, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाकडे दिलाय, पैशांची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केलीय.

अजून एक, बाकीचे डबे कस्टममध्ये अडकलेत, ड्युटी भरा म्हणून त्या फोनवाल्याने परत पैसे मागितले होते. सरकारी रेअर डिसीज पॉलिसीच्या यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेल्या अशा पावडरवर १ एप्रिल २०२३ पासून बेसिक कस्टम ड्युटी माफ आहे, आरोग्य संचालक किंवा सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट लागतं. पीकेयू त्या यादीत आहे.