फोटोपिल्स : नागपूरचा उजेड आधी हेरून ठेवणारे ॲप

निसर्गचित्रणाचा नाद असलेल्या माणसाची नागपुरात पहिली फसगत होते ती घरातल्या भिंतीवर. दिनदर्शिकेत सूर्योदयाची जी वेळ छापलेली असते ती बहुधा मुंबईची असते, आणि नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सहा अंश रेखांशांवर असल्यामुळे इथला सूर्य तिथल्यापेक्षा साधारण २५ मिनिटे आधी उगवतो. ती वेळ पाहून गजर लावायचा, थंडीत कुडकुडत तलाव गाठायचा आणि पाहावे तर ऊन कधीच झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलेले, असे माझे सुरुवातीला दोनदा झाले. तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून फोटोपिल्स हे ॲप घेतले. दोन हिवाळे आणि एक पावसाळा ते वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

स्पेनमधील मेनोर्का बेटावरच्या एका लहान चमूने हे ॲप तयार केले आहे. नकाशावर आपण जिथे उभे राहणार तिथे लाल पिन टोचली की त्या जागेवरून सूर्य कोणत्या दिशेला उगवेल याची पिवळी रेघ आणि कोणत्या दिशेला मावळेल याची नारिंगी रेघ उमटते. चंद्रासाठी निळ्या रेघा वेगळ्या असतात. खालची वेळपट्टी बोटाने सरकवली की सूर्य आणि चंद्र त्या दिवसभरात कुठून कुठे जातात ते दिसते. पडद्यावर अंशांची आणि चिन्हांची इतकी दाटी आहे की पहिल्याच दिवशी सगळे उमजेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मला तिथे सरावायला पंधरा दिवस लागले. संध्याकाळी गच्चीवर बसून नेमक्या समोर दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवर प्रयोग करत गेलो, तेव्हा कुठे हात बसला.

वेळेच्या बाबतीत ॲपने माझा एक भ्रम पहिल्याच आठवड्यात मोडला. सोनेरी, कोवळ्या उन्हाच्या ज्या वेळेला सगळे ‘गोल्डन अवर’ म्हणतात ती नागपुरात तासाभराची नसतेच. ॲपच्या व्याख्येप्रमाणे सूर्य क्षितिजाच्या वर ६ अंशांवर असल्यापासून क्षितिजाखाली ४ अंशांवर जाईपर्यंतचा हा काळ, आणि आपण २१ अंश अक्षांशावर राहत असल्यामुळे सूर्य इथे युरोपातल्यासारखा रेंगाळत, तिरपा उतरत नाही, जवळजवळ उभाच खाली येतो. त्यामुळे हा सगळा खेळ पाऊण तासात आटोपतो. त्यानंतरचा ‘ब्लू अवर’, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली ४ ते ६ अंशांवर असतानाचा निळा संधिप्रकाश, तर जेमतेम नऊ मिनिटांचा असतो. परदेशी छायाचित्रकारांचे व्हिडिओ पाहून निवांतपणे लेन्स बदलत बसणाऱ्याच्या हाती इथे एकच चौकट लागते. आता मी ट्रायपॉड, लेन्स आणि चौकट हे सगळे सूर्य दहा अंशांवर असतानाच पक्के करून ठेवतो.

तरीही पैसे वसूल होतात ते वेळेमुळे नव्हे, दिशेमुळे. वेळ काय, कुठल्याही हवामानाच्या ॲपमध्ये सापडते. ‘सूर्य पश्चिमेला मावळतो’ हे शाळेत शिकलेले वाक्य छायाचित्रकाराने विसरलेले बरे, कारण नागपुरात जूनच्या अखेरीस तो खऱ्या पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेला. म्हणजे अंबाझरी तलावाच्या बांधावर एकाच जागी उभे राहिले तरी वर्षभरात मावळतीचा बिंदू क्षितिजावर ५० अंशांचा पल्ला फिरून येतो. जानेवारीत ज्या जागेवरून सूर्याची तिरीप पाण्यावरून थेट पायाशी येते, त्याच जागेवरून मे महिन्यात सूर्य चौकटीबाहेर गेलेला असतो. याउलट, उत्तरेकडे तोंड असलेली देवळाची भिंत किंवा खडकाचा कडा यांवर सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन पडते ते मार्चअखेर ते सप्टेंबर या काळातच. हिवाळ्यात ती बाजू दिवसभर सावलीत असते. २६ मेच्या सुमारास तर दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. त्या उन्हात कॅमेरा बाहेर काढण्यात अर्थ नाही हे सांगायला ॲप लागत नाही, पण कोणती भिंत कोणत्या महिन्यात उजळेल हे घरबसल्या कळते, आणि त्यामुळे माझ्या कितीतरी वाया जाणाऱ्या फेऱ्या वाचल्या आहेत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते : ॲप सूर्याचे गणित मांडते, हवेचे नाही. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून वाट काढत येतो, त्यामुळे हवेत धूळ किंवा धुरके असेल तर त्याचा सगळा मार बसतो तो शेवटच्या दोन-तीन अंशांवर. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी मी वारंवार पाहिले आहे की सूर्य क्षितिजापासून दोन अंश वर असतानाच तांबूस, निस्तेज होऊन धुरक्यात विरून जातो. म्हणजे ॲपने सांगितलेल्या मावळतीच्या नऊ-दहा मिनिटे आधीच आपला कार्यक्रम संपतो. मे महिन्याच्या धुळीत तर तो पितळी ताटलीसारखा दिसतो आणि समोरच्या झाडांवर सोनेरी असे काहीच पडत नाही. याउलट सप्टेंबरात चांगली सर येऊन गेली आणि पश्चिमेला मळभ फाटले, तर प्रकाश अगदी शेवटच्या क्षणापर्यंत टिकतो आणि सूर्य बुडाल्यावर ढगांच्या पोटाला रंग चढतो. त्यामुळे फोटोपिल्समध्ये दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी दुपारी हवामान विभागाचे उपग्रहचित्र पाहूनच घराबाहेर पडायचे, अशी माझी रीत झाली आहे. पश्चिमेला शंभर-दीडशे किलोमीटरवर ढगांची सलग चादर असेल तर मी घरीच थांबतो, कारण मावळतीचा प्रकाश तिथूनच अडतो.

कॅमेऱ्यातून समोरच्या दृश्यावर सूर्याचा मार्ग काढून दाखवणारी ऑगमेंटेड रिॲलिटीची सोय देखणी आहे, पण ती फोनच्या होकायंत्रावर चालते हे विसरलो आणि फुटाळा तलावावर पस्तावलो. लोखंडी कठड्याला टेकून मी फोन धरला होता. पडद्यावर सूर्य दोन झाडांच्या मधल्या फटीत उतरणार होता. प्रत्यक्षात तो डावीकडच्या झाडामागे, जवळजवळ पंधरा अंश बाजूला गेला. चूक सर्वस्वी माझी होती. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य असल्यामुळे दिशा चुकली की दोष बहुधा आसपासच्या लोखंडाचा किंवा गाडीचा असतो. आता मी कठड्यापासून चार पावले मागे येतो, फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवतो आणि तरीही अंतिम विश्वास नकाशावरच्या रेघेवरच ठेवतो.

या ॲपची खरी कमाई मात्र रामटेकला झाली. गडमंदिराच्या शिखरामागून उगवता चंद्र टिपायचा अशी जुनी इच्छा होती. चंद्राचे बिंब आकाशात अर्धा अंश जागा व्यापते, म्हणजे एक किलोमीटर अंतरावर सुमारे ९ मीटर आणि दीड किलोमीटरवर सुमारे १३ मीटर. शिखरापुढे चंद्र मोठा दिसायचा तर दूर जाऊन टेलिफोटो, म्हणजे लांबचे जवळ आणणारी लेन्स, लावावी लागते, हे त्यावरून ठरले. लाल पिन गडाच्या पश्चिमेकडच्या शेतात आणि काळी पिन मंदिरावर ठेवली की दोन्हींमधले अंतर आणि दिशा मिळते. मग चंद्र त्या दिशेला, त्या उंचीवर कोणकोणत्या तारखांना येईल हे ॲप शोधून देते. यादीत सर्वांत उपयोगाच्या तारखा पौर्णिमेच्या निघाल्या नाहीत, चतुर्दशीच्या निघाल्या. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो, त्यामुळे तो शिखरापर्यंत चढेस्तोवर अंधार पडतो आणि मंदिर काळे ठिक्कर दिसते. चतुर्दशीचा चंद्र त्याच्या पाऊण-एक तास आधी उगवलेला असतो, आणि तेव्हा मावळतीचे ऊन समोरून मंदिरावर पडत असते. कार्तिकातल्या जत्रेची गर्दी टाळून मी माघातली चतुर्दशी निवडली.

पहिला प्रयत्न फसला, कारण मी चंद्राच्या उगवण्याच्या बिंदूकडे पाहून जागा ठरवली होती. माझ्या जागेवरून शिखर क्षितिजापासून सुमारे चार अंश वर होते, आणि तेवढे चढायला चंद्राला वीसेक मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो सरळ वर न येता दीड अंश उजवीकडे सरकतो. दीड किलोमीटरवर हा दीड अंश म्हणजे जवळजवळ ४० मीटर. कापणी झालेल्या धानाच्या बांधीतून ट्रायपॉड खांद्यावर घेऊन, धुऱ्यांना ठेचकाळत मी धावलो, पण चंद्र आपल्याच व्यासाएवढे अंतर दोन मिनिटांत कापतो. मी पोहोचेपर्यंत तो शिखर सोडून मोकळ्या आकाशात गेला होता. वर्षभराने पुन्हा चतुर्दशीला गेलो तेव्हा पिन शिखराच्या उंचीनुसार ठेवली होती. फिकट, पिवळसर बिंब कळसाच्या अगदी मागे आले तेव्हा सूर्य मावळायला बारा मिनिटे उरली होती आणि दगडी भिंती मधाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

ॲपमध्ये याखेरीज क्षेत्रखोली (चित्रात किती खोलवर सगळे स्पष्ट येईल ते), हायपरफोकल अंतर (कुठे फोकस केले की दूरपर्यंत सगळे स्पष्ट येते ते), टाइमलॅप्स, ताऱ्यांच्या रेघा अशी बरीच गणिते आहेत. ती अचूक आहेत, पण मी फार वापरत नाही. आकाशगंगेचा आराखडा मात्र उपयोगी पडतो, विशेषतः पेंच जवळ असलेल्या माणसाला, कारण २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार कृत्रिम उजेडापासून जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली आहे. पावसाळ्यात आकाश झाकलेले असते, म्हणून इथे खरा हंगाम एप्रिल-मेच्या उत्तररात्रींचा.

ज्यांचे बहुतेक छायाचित्रण जंगल सफारीत होते त्यांनी हे ॲप घेऊ नये असे माझे मत आहे; तिथे उजेडापेक्षा प्रवेशद्वाराची वेळ आणि वाघाची मर्जी चालते. लग्नसमारंभाचे फोटो काढणाऱ्यांना गच्चीवरच्या जोडीच्या फोटोपुरते ते कामाचे आहे. तलाव, गड, जुनी देवळे आणि शेतशिवार यांच्यामागे असणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावे, पण नकाशा दिसायला इंटरनेट लागते, तेव्हा आराखडा घरीच जतन करून मगच गावाबाहेर निघावे. पैसे मला एकदाच भरावे लागले. त्याहून जास्त खर्च पहाटेच्या पेट्रोलचा आणि परतीच्या वाटेवरच्या तर्री-पोह्यांचा झाला आहे.