लेबर रूमच्या स्टाफची परीक्षा: गूगल फॉर्म, मूडल की टॅबवरची चेकलिस्ट?

नवजात बाळाला श्वास देण्याचं ट्रेनिंग झालं की परीक्षा घ्यायची आणि कागदावर नाही घ्यायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. अडतं ते पुढे.

गूगल फॉर्म फुकट. अर्ध्या तासात तयार, मार्क आपोआप शीटमध्ये. पण प्रत्येकीच्या पेपरला घड्याळ लावायची सोय त्यात मुळात नाही आणि पेपर सगळ्यांना तोच. प्रश्नांचा क्रम बदलला तरी सकाळच्या शिफ्टचा पेपर दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो. ट्रेनिंगआधी अंदाज घ्यायला ठीक आहे.

मूडल या ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नपेढी असते: २०० प्रश्नांतून प्रत्येकीला वेगळे २०, वर घड्याळ. मला त्यातलं प्रश्नांचं विश्लेषण आवडतं. एखादा प्रश्न हुशार सिस्टर चुकतात आणि कच्च्या बरोबर सोडवतात, हे त्यात दिसतं. तसं दिसलं की बहुतेक वेळा प्रश्नाची भाषाच गंडलेली निघते. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. सर्व्हर, बॅकअप, अपडेट बघायला मात्र माणूस लागतो. तुमचा आयटीवाला आठवड्यातून एकदा उगवत असेल तर या फंदात पडू नका.

आमच्याकडे एका सिस्टरना २० पैकी २० पडले. 'पहिल्या मिनिटाच्या आत सुरुवात', 'मिनिटाला ४० ते ६० श्वास', सगळं तोंडपाठ. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या बाहुल्यावर, अंबू बॅग (मास्कमधून हवा देणारी हाताची पिशवी) दाबली, तर हवा मास्कच्या कडेने फुस्स. छाती हललीच नाही.

हे फक्त तिसऱ्या पर्यायात सापडतं: परीक्षकाने समोर उभं राहून टॅबवर भरायची चेकलिस्ट. कल्पना जुनीच, १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डॉ. हार्डन यांनी मांडलेल्या ऑस्कीची, म्हणजे ठरलेल्या यादीनुसार करून दाखवायच्या परीक्षेची. ओडीके किंवा कोबो या माहिती भरायच्या ॲपवर फॉर्म मराठीत करता येतो, भरताना नेट लागत नाही. खरी मेहनत ओळी लिहिण्यात आहे. आम्ही आधी लिहिलं होतं, 'मास्क नीट लावला: हो/नाही'. सिस्टर एकच, परीक्षक दोन, उत्तरंही दोन. मग केलं, 'पहिल्या ५ दाबांत छाती वर आली'. भांडण मिटलं.

किंमत वेळात मोजायची. माणशी १० मिनिटं धरली तर ४० जणींना एका परीक्षकाचे जवळपास पावणेसात तास. तरी मी हेच घेईन, सोबत माहिती तपासण्यापुरता गूगल फॉर्म. मूडलचा विचार स्टाफ शेकड्यांत असेल तरच. चेकलिस्टची पहिली फेरी मात्र चक्क कागदावर घ्या. निम्म्या ओळी तुम्ही तिथेच खोडाल.