रिपोर्टवरची नावाची पट्टी आधी झाका

मावशीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला, तेव्हा घरात कुणालाच त्यातलं काही उमगेना. मावसभावाने फोटो काढून पेशंटच्या नातेवाइकांच्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्याला मी दोष देणार नाही. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळत नाहीत, मग भांडुपच्या चाळीतल्या माणसाने विचारायचं कुणाला? ग्रुपवर चांगली, धीर देणारी उत्तरंही आली.

काही दिवसांनी मावशीला फोन आला. "काकू, हॉस्पिटलच्या मदत विभागातून बोलतोय. तुमची हर-टू टेस्ट पॉझिटिव्ह आहे ना? त्या महागड्या इंजेक्शनांना ट्रस्टकडून निम्मी सवलत मंजूर झालीय. पाच वाजेपर्यंत तुमचा हिस्सा भरा, नाहीतर नंबर पुढच्या पेशंटला जाईल." (हर-टू ही कॅन्सरच्या गाठीवरची टेस्ट; ती पॉझिटिव्ह आली तर ठरावीक महागडी इंजेक्शनं देतात.) मावशी शहाणी बाई आहे, तिने खात्री करून घेतली. फाइल उघडली, तो बोलत गेला तसं ओळीवर बोट ठेवून तपासत गेली. फाइल नंबर बरोबर, वय बरोबर, डॉक्टरांचं नाव बरोबर. 28,000 रुपये यूपीआयने गेले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात कळलं की असा फोन तिथून कुणी केलाच नव्हता. त्या भामट्याने वाचून दाखवलेली प्रत्येक गोष्ट ग्रुपवरच्या त्या फोटोतच होती. टेस्टचा निकाल खालच्या मजकुरात, बाकी सगळं वरच्या पट्टीत छापलेलं, मावशीच्या मोबाइल नंबरासकट. आपला फाइल नंबर समोरच्याला ठाऊक आहे म्हणजे तो हॉस्पिटलचाच, असं कृपा करून धरू नका.

सल्ला देणाऱ्याला वय, स्त्री की पुरुष आणि खालचा मजकूर एवढं पुरतं. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, फाइल नंबर, 14 आकडी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळखक्रमांक), डॉक्टरांचं नाव, बारकोड आणि क्यूआर कोड, सगळं काढा. क्यूआर कोड लोक हमखास विसरतात. काही लॅबचा तो स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो. मोबाइलच्या अर्धपारदर्शक मार्करने फिरवलेली रेघ फोटो उजळ केला की वाचता येते. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालची अक्षरं कॉपी होऊ शकतात. त्यापेक्षा फोटोचा (पीडीएफ असेल तर तिच्या स्क्रीनशॉटचा) वरचा भाग सरळ कापून टाका. एमआरआय, सीटीच्या सीडीतल्या फाइलींमध्ये तर चित्रावर दिसलं नाही तरी आत नाव आणि जन्मतारीख असते. त्या फाइली ग्रुपवर टाकूच नका.

कायद्याचंही ऐका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे खरा, पण माणसाने आपली माहिती आपणहून जगजाहीर केली, तर तिला तो लागूच होत नाही.

पैसे गेलेच तर घरच्यांना काय वाटेल म्हणून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता येऊ शकते. मावशी रात्रभर कुणाशी बोलली नाही. आम्ही तक्रार नोंदवेपर्यंत ते खातं रिकामं झालं होतं.