‘मिसिंग’च्या नावाखाली इंजिन उघडायला सांगतील, सावध राहा

पेट्रोल गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळेना, आणि गॅरेजवाल्याने बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर तुमच्यासमोर धरून “बघा, मशिनच सांगतंय” म्हटलं, की तिथंच थांबा. आमच्या सात सीटर गाडीचं २२,५०० रुपयांचं बिल याच एका वाक्यावर झालं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून गाडी घेऊन गोव्याला जाणारे भरपूर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मंगेशीहून परत येताना केरी मागे टाकून चोर्ल्याचा चढ लागला, की गाडी हिसके द्यायची. पिकअप नाही. इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागत नव्हता, उघडझाप करत होता. मागे उभं राहिलं तर सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. कणकुंबीला पाऊस असला तर विचारूच नका. आणि जांबोटी ओलांडून सपाटीला आलो की निम्मं दुखणं गायब!

बेळगावातल्या एका गॅरेजात दाखवली. कोड आला पी०३०२. मालक म्हणाला, “दोन नंबरचा सिलिंडर गेलाय की काका. व्हॉल्व्ह जळलाय. हेड उतरवून उद्यमबागेत फेसिंगला पाठवावं लागतंय.” म्हणजे इंजिनचा वरचा भाग काढून त्याचा तळ घासून सपाट करायचा. हेडला आम्ही नको म्हटलं, तर गडी दुसऱ्या बाजूने आला. मग ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चार कॉइल, ठिणगी पाडणारे चार प्लग, पेट्रोल फवारणारा एक इंजेक्टर बदलू, आणि ईसीएमचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं, प्रोग्रामिंग करू. वर, “आपल्या माणसाकडून मी जास्त घेणार होय?” आपल्या सीमाभागात हे वाक्य बरोबर काळजाला लागतं, आणि ते कुठं वापरायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बिल मात्र वहीच्या फाडलेल्या पानावर.

त्या कोडचा शेवटचा आकडा फक्त सिलिंडरचा नंबर सांगतो. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरताना गती कुठं अडखळते हे सेन्सरवरून ताडून गाडीचा कॉम्प्युटर ‘दोन नंबरमध्ये जळण नीट होत नाही’ एवढंच नोंदवतो. का होत नाही, ते त्याला कळत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, नाहीतर खरंच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असेल. गुडघा दुखतोय म्हटल्याबरोबर कोणी वाटी बदलायला घेतं का? पी०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही, तेव्हा पेट्रोलचा दाब, कुठून हवा ओढली जातेय का, हेही बघायला हवं.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत खरी तपासणी जवळपास फुकट होते. दोन नंबरची कॉइल तीनवर लावायची, तीनची दोनवर. कोड पुसायचा, गाडी चढावर न्यायची. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. दोनच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करायची, मग इंजेक्टर. व्हॉल्व्हचा संशय असेल तर आधी कॉम्प्रेशन गेज लावायचं, हेडला हात नंतर.

यातलं त्याने काहीच केलं नाही. कोड पुसला, दिवा विझलेला दाखवला आणि खानापूर रोडला सपाटीवर ट्रायल दिली. तिथं गाडी चांगलीच पळणार! चढावर पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि इन्सुलेशन फुटलेली कॉइल ती वीज प्लगपर्यंत जाऊ न देता बाजूच्या धातूत उतरवते. म्हणून ट्रायल चढावरच मागायची. दिवा उघडझाप करत असेल तर गाडी तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

दिवा परत लागल्यावर निपाणीला मेहुण्याच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गाडी नेली. त्याने अदलाबदल करून तवंदी घाट चढवला, पी०३०३ आला. मग कॉइल काढून टॉर्चखाली धरली. रबरी नळीच्या आत वरून खाली केसाएवढी काळी रेघ, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही तशीच रेघ. वीज तिथूनच पळत होती. मग इंजेक्टर बघितले. त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी (रेल) धरणाऱ्या बोल्टांवर तेलात बसलेली लाल माती जशीच्या तशी! पाना लागला असता तर ती खरवडली गेली असती. ‘नवीन’ कॉइलीही गाडीबरोबर कंपनीतून आलेल्या जुन्याच, नुसत्या पुसून बसवलेल्या. दुखणं गेलं एका कॉइल-प्लगमध्ये, मजुरी धरून तीन हजारांच्या आत.

जुने पार्ट मागितले तर बेळगावचा मालक म्हणाला, भंगारात गेले. बोल्टांचे फोटो दाखवले तेव्हा आवाज उतरला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर इंजेक्टर आणि कॉइलींचे पैसे परत आले. प्रोग्रामिंगचे द्यायला तयार नाही, म्हणतो ती मजुरी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वहीच्या पानावर सही नाही, पण पैसे फोनवरून दिले होते, त्याची नोंद आहे. कागद जुळवतोय.