पैसे देऊन वर की लिहून वर? गोव्यातल्या ॲफिलिएटसाठी गूगलची जाहिरात आणि एसईओ

माझी भाची डिचोलीला राहते. गेल्या चतुर्थीला घरी आली होती. माटोळी बांधता बांधता तिने विचारलं, "मामा, माझ्याकडे वीस हजार साठलेत. गूगलवर जाहिरात देऊ, की कुणाकडून एसईओ करून घेऊ?" एसईओ म्हणजे पैसे न देता गूगलच्या निकालांत पान वर यावं म्हणून साइटवर केलेलं काम.

तिची साइट लहान आहे. पुणे, सांगली, कोल्हापूरकडची कुटुंबं कुलदैवताच्या दर्शनाला फोंडा तालुक्यात येतात. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी करून परत जातात. त्यांनी उतरावं कुठे, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या किती चढाव्या लागतील, याबद्दल ती मराठीत लिहिते आणि खाली हॉटेलची ॲफिलिएट लिंक देते, म्हणजे त्या लिंकवरून कुणी बुकिंग केलं तर तिला कमिशन मिळतं. माझं काम वेगळं आहे. गोव्याच्या पावसाळ्यात घरात लागणाऱ्या वस्तूंबद्दल मी लिहितो. हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र, इन्व्हर्टर, कपाटातली बुरशी रोखणाऱ्या गोष्टी. दोघांचं उत्पन्न कमिशनवर चालतं, तरी दोघांना एकच उत्तर लागू पडत नाही. तिला तेव्हा घाईत अर्धंच सांगता आलं होतं, आता सविस्तर लिहितो.

पैसे आधी जातात की वेळ आधी जातो, हा दोन रस्त्यांतला पहिला फरक. जाहिरात आज सकाळी चालू केली, मंजुरी मिळाली की माणसं यायला लागतात. पैसे थांबवले की त्याच क्षणी येणं थांबतं. एसईओत उलटं आहे. नवीन साइटवरचं चांगलं पान वर यायला कित्येक महिने जातात, पण एकदा बसलं की प्रत्येक क्लिकमागे खिशातून काही जात नाही. आणि एक गैरसमज आधीच काढून टाकतो. जाहिरातीवर पैसे खर्च केले म्हणून गूगल फुकटच्या निकालांत तुमचं पान वर आणत नाही. गूगलने हे स्वतः स्पष्ट सांगितलेलं आहे. "दोन्ही करा, एकामुळे दुसरं वाढतं" असं सांगून पॅकेज विकणारे भेटतील, त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

दुसरा फरक हिशेबाचा, आणि ॲफिलिएटवाला बुडतो तो इथेच. दुकानदार स्वतः जाहिरात देतो तेव्हा विक्रीतला सगळा नफा त्याचा असतो. आपल्या वाट्याला त्यातला तुकडा येतो. माझ्या यंत्राचं उदाहरण घ्या, आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. एका क्लिकला 8 रुपये. 100 माणसं आली तर 800, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 944 रुपये गेले. त्या 100 पैकी 40 जणांनी लिंक दाबून दुकान गाठलं आणि त्यातल्या एकाने 12,000 चं यंत्र घेतलं. कमिशन 5 टक्के धरलं तर 600 रुपये आले. 344 रुपयांचा तोटा. हाच हिशेब उलटा मांडला तर मला प्रत्येक पाहुण्यामागे 6 रुपये मिळतात, जीएसटी वजा जाता क्लिकला 5 रुपयांच्या वर मला परवडत नाही. हा एक आकडा माहीत नसेल तर जाहिरात सुरू करू नका. बिडची, म्हणजे एका क्लिकसाठी आपण लावतो त्या बोलीची, कमाल मर्यादा त्याच आकड्यावर लावा. यंत्रणा जास्त सुचवेल, ते तिचं काम आहे.

पैशाची वेळही बघावी लागते. गूगलला पैसे आत्ता द्यायचे. हॉटेलचं कमिशन मात्र बुकिंगला नाही, पाहुणा राहून गेल्यावर पक्कं होतं, आणि हातात त्याच्याही नंतर पडतं. डिसेंबरच्या मुक्कामासाठी ऑक्टोबरात क्लिक विकत घेतला, तर मधले महिने पैसा अडकतो. मधे बुकिंग रद्द झालं तर क्लिकचे पैसे गेले ते गेलेच. वस्तूंच्या विक्रीत अडचण दुसरी आहे. ॲमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमात लिंक दाबल्यापासून 24 तासांची मुदत असते, त्यात खरेदी झाली तर कमिशन. 12,000 चं यंत्र कुणी त्याच दिवशी घेतं का? नवऱ्याला विचारतात, शेजाऱ्याकडचं बघतात, आणि चार दिवसांनी थेट दुकानात जाऊन घेतात. त्या विक्रीतलं काही आपल्याला मिळत नाही. फुकटात आलेल्या पाहुण्याबाबत हे सोसवतं, विकत आणलेल्या पाहुण्याबाबत नाही.

इतकं वाचून जाहिरात नकोच वाटेल. पण तिचा एक उपयोग असा आहे की त्याला एसईओत तोड नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती फिरतं. लोक नेमके कोणते शब्द टाइप करतात, ते जाहिरात तीन आठवड्यांत दाखवते. कोणत्या शब्दाने आलेला माणूस पुढे लिंक दाबतो, तेही दाखवते.

भाचीने आधी "फोंडा हॉटेल" या शब्दावर पान लिहायचं ठरवलं होतं. मी तिला आधी रोज 300 रुपयांची, वीस दिवसांची जाहिरात चालवायला सांगितली. 6,000 आणि वर 1,080 जीएसटी. गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पटही खर्च करतं आणि हिशेब महिन्यावर जमवतं, म्हणून पहिल्याच रविवारी 500 च्या वर गेलेले बघून ती घाबरली होती. वीस दिवसांनी आम्ही सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांचा, रिपोर्ट उघडून बसलो. "फोंडा हॉटेल" टाइप करून आलेले लोक पान बघून निघून जात होते, त्यातले बरेच कामानिमित्त एका रात्रीसाठी येणारे असावेत. मात्र "मंगेशी मंदिर राहण्याची सोय", "शांतादुर्गा अग्रशाळा बुकिंग", "म्हार्दोळ जवळ रूम" हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते, आणि हे लोक पान शेवटपर्यंत वाचत होते. काहींनी देवनागरीत लिहिलं होतं, बऱ्याच जणांनी रोमन अक्षरांत मराठी.

अग्रशाळा, म्हणजे देवस्थानची भाविकांना उतरायची जागा, हा शब्द तिच्या यादीतच नव्हता. आपल्यासाठी तो इतका रोजचा आहे की कुणी तो गूगलवर शोधेल असं मनात येत नाही. देवस्थानच्या अग्रशाळेतली खोली काही ॲफिलिएट लिंकवर मिळत नाही, म्हणजे त्या पानावर तिला थेट कमिशन नाही. तरी मी तिला तेच पान आधी लिहायला लावलं. अग्रशाळेत खोली कशी मिळते, कुठे काय सोय आहे, स्वतः जाऊन काढलेले फोटो, आणि खोली मिळाली नाही तर जवळचे पर्याय. कमिशन त्या शेवटच्या परिच्छेदातून येतं. ज्या साइटने आधी अग्रशाळेची खरी माहिती दिली, तिने सुचवलेल्या हॉटेलवर माणूस विश्वास ठेवतो.

म्हणजे माझ्या मते दोन्हींचा मेळ असा घालायचा: जाहिरातीने विचारायचं आणि एसईओने कमवायचं. सहा महिने चुकीच्या शब्दावर लिहीत बसण्यापेक्षा 7,080 रुपये देऊन बरोबर शब्द कळलेला स्वस्त पडतो. रिपोर्टमधले निरुपयोगी शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये त्या यादीत, टाकत राहायचं. माझ्या यादीत "दुरुस्ती", "भाड्याने", "सेकंड हँड" हे पहिल्या आठवड्यातच गेले. एक्झॅक्ट आणि फ्रेज मॅचवरच सुरुवात करा, म्हणजे आपण दिलेल्या शब्दाच्या किंवा वाक्प्रयोगाच्या अर्थाशी जुळणाऱ्या शोधांनाच जाहिरात दिसते. ब्रॉड मॅच दूरच्या संबंधाच्या शोधांनाही जाहिरात दाखवतं आणि लहान बजेट खाऊन टाकतं.

गोव्यापुरती एक सेटिंग सांगतो, कारण तिने माझे पैसे घालवले आहेत. जाहिरातीचं ठिकाण म्हणून "गोवा" निवडलं की मुळात जो पर्याय लागलेला असतो, त्यात गोव्यात असलेले आणि गोव्यात रस दाखवलेले, असे दोन्ही लोक येतात. इतर एखाद्या ठिकाणाला याने फार फरक पडत नसेल. गोव्यात रस असलेला माणूस मात्र देशभर पसरलेला आहे. दमट कपाटाची माझी जाहिरात गोव्याची सहल ठरवणाऱ्या दिल्लीकरांना दिसत होती. माझ्यासारख्याने तिथे फक्त ठिकाणी हजर असलेले लोक निवडायचे. भाचीने उलट गोवा काढून पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव टाकायचं, कारण तिचं गिऱ्हाईक अजून घरून निघायचं आहे.

हंगामाचंही तसंच. जूनपासून चार महिने पाऊस, शॅक उतरवलेले, पर्यटनाचा धंदा मंद. पर्यटनावर लिहिणाऱ्याने पानं याच दिवसांत लिहावीत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत ती मुरतात. ऑक्टोबरात लिहायला बसलात तर पान वर येईपर्यंत कार्निव्हल उलटून गेलेला असतो, आणि मग पूर्ण हंगाम जाहिरातीच्या दरावर काढावा लागतो, तोही सगळे हॉटेलवाले बोली वाढवत असताना. माझं चक्र नेमकं उलटं. मी थंडीत लिहितो. मेअखेरीला पहिल्या सरी येतात तेव्हा शोध एकदम चढतो, आणि पान तोवर वर नसेल तर तेवढ्या पाच-सहा आठवड्यांपुरती जाहिरात लावतो.

एखादं पान एसईओने पहिल्या क्रमांकावर आलं, तर त्याच शब्दावर जाहिरात चालू ठेवायची का? यावर ईबेने केलेला एक प्रयोग डोळे उघडणारा आहे. 2012 साली या ऑनलाइन बाजाराने स्वतःच्या नावाच्या शोधावरची जाहिरात काही सर्च इंजिनांवर बंद केली, आणि गेलेल्या क्लिकपैकी 99.5 टक्के फुकटच्या निकालातून परत आले. त्यावरचा शोधनिबंध 2015 मध्ये इकॉनोमेट्रिका या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्यात पुढे असंही दिसलं की इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा उपयोग झाला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांपुरता. आपण ईबे नाही, आपल्या नावाने कुणी शोधतही नाही, पण रीत तीच वापरता येते. एका शब्दावरची जाहिरात दोन आठवडे बंद करायची आणि एकूण लिंक-क्लिक किती घटतात ते मोजायचं. सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं फुकट साधन, त्याचं खातं गूगल ॲड्सला जोडलं की पेड (जाहिरातीचे) आणि ऑरगॅनिक (फुकटचे) निकाल एकत्र दाखवणारा रिपोर्ट मिळतो, तो यासाठीच बघावा.

मोजण्यात ॲफिलिएटची अडचण अशी की विक्री दुसऱ्याच्या दुकानात होते, तिथे आपला कोड बसवता येत नाही. म्हणून जाहिरातीच्या पानावरच्या ॲफिलिएट लिंकला वेगळा ट्रॅकिंग आयडी (विक्री कुठून आली ते सांगणारी खूण) आणि एसईओच्या पानाला वेगळा, हे पहिल्या दिवसापासून करा. दोन पानं जवळजवळ सारखी असतील तर जाहिरातीच्या पानाला नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका, अशी सूचना) लावा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या आड येतील.

नियमांचं थोडक्यात सांगतो, पण हे हलक्यात घेऊ नका. नुसतं पुढच्या दुकानात ढकलणारं, स्वतःचं काही नसलेलं पान गूगल ॲड्सच्या धोरणात बसत नाही, आणि सर्चमध्येही अशा पोकळ ॲफिलिएट पानांना स्पॅम धरलं जातं. लिंकच्या कोडमध्ये rel="sponsored" अशी, ही पैसे मिळणारी लिंक आहे हे गूगलला सांगणारी, खूण लावायची, ती गूगलने 2019 मध्ये आणली. लिंकमधून कमिशन मिळतं हे वाचकाला वरच्या बाजूलाच सांगायचं. आणि दुकानाच्या नावावर बोली लावायची नाही. बहुतेक कार्यक्रमांत त्याला मनाई असते. सुरुवातीच्या काळात मी एका ऑनलाइन दुकानाचं नाव आणि "ऑफर" हा शब्द जोडून बोली लावली. क्लिक स्वस्त होते, विक्रीही झाली. दोन महिन्यांनी खातं बंद झालं आणि साठलेलं कमिशन मिळालं नाही. अटी मी वाचल्या नव्हत्या. तुम्ही त्या पहिल्या दिवशी वाचा, विशेषतः पेड सर्चबद्दलचा भाग.

तर निवड कशी करायची? प्रत्येक पाहुण्यामागे मिळणारी रक्कम क्लिकच्या दराच्या खाली असेल, जशी स्वस्त वस्तूंत नेहमी असते, तर शब्द कळेपर्यंत जाहिरात आणि पुढे फक्त एसईओ. दर परवडत असेल, पण हंगाम तोंडावर आला असून पान नवीन असेल, तर दोन्ही, हंगाम संपेपर्यंत. साइटवर स्वतः पाहून-वापरून लिहिलेलं एकही पान नसेल तर दोन्हींत पैसे घालू नका. तेवढ्या पैशांत पेट्रोल भरा आणि जाऊन बघून या. शोधाच्या वरच आता एआयने तयार केलेलं उत्तर दिसतं, त्यामुळे "मंगेशीला कसं जावं" एवढ्या माहितीसाठी लोक पानावर येण्याची गरज कमी झाली आहे. खोलीच्या न्हाणीघराचा फोटो आणि आजीला चढाव्या लागणाऱ्या पायऱ्यांचा आकडा मात्र तिथे जाऊन आलेल्याकडूनच मिळतो.

भाचीने एसईओचं कंत्राट कुणाला दिलं नाही. उरलेल्या पैशांतून पाच रविवार स्कूटरने फोंड्याच्या फेऱ्या केल्या आणि अग्रशाळांचं पान, मग दोन हॉटेलांची पानं लिहिली. अग्रशाळेच्या शब्दावर ती आता पहिल्या चारांत दिसते, तिथली जाहिरात तिने बंद केली आहे. "म्हार्दोळ जवळ रूम" वर अजून खाली आहे. त्यावर डिसेंबरपुरते रोजचे 150 रुपये ठेवलेत, बिडची मर्यादा 4 रुपये.